सॉरी न म्हणणारे काका

परवा एका ऑनलाइन कंपनीच्या चॅटवर अर्धा तास घालवला. शंभर टक्के कॉटनचा वॉटरकलर पेपर मागवला होता. आला तो साधा लाकडाच्या लगद्याचा, वर कोपरे मुडपलेले. पलीकडून दर वाक्याआधी 'आम्ही दिलगीर आहोत'. मोजलं, सात वेळा. कागद काही बदलून मिळाला नाही, कारण म्हणे पाकीट फोडलेलं होतं. न फोडता आत काय आलंय ते कळायचं कसं, यावरही ते दिलगीर होते.

त्या रागात आमच्या कोल्हापुरातल्या एका छोट्या रंगांच्या दुकानाबद्दल लिहितेय. गोड बोलणं हा माल तिथे मिळत नाही, हे आधीच सांगते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी चित्रं काढायला लागले. दुकानं उघडल्यावर व्हिडिओ बघून केलेली यादी घेऊन तिथे गेले. चोवीस ट्यूबांचा सेट, सेबलचा (एका प्राण्याच्या केसांचा, महागडा) ब्रश, काय काय. दुकानदार काकांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?" मग सेट बाजूला सारून सहा सुट्या ट्यूबा काढल्या. मी मात्र कोबाल्ट ब्लूची एक स्वस्त ट्यूब हातात धरून बसले होते. ती त्यांनी घेऊन उलटी केली. नावापुढे बारीक अक्षरात 'ह्यू', म्हणजे त्या रंगासारखी नुसती छटा. "नाव सोडा, मागचा नंबर वाचा." रंगद्रव्याचा नंबर तो: पीबी २९, शिवाय पांढरा. "खरा कोबाल्ट पीबी २८. हा अल्ट्रामरीन आहे, तो तुम्ही आत्ताच घेतलाय. एकच निळा दोनदा कशाला घेताय ओ ताई?"

ब्रशचंही तेच. एकाच कंपनीचे आठ नंबरचे तीन ब्रश स्टीलच्या पेल्यात बुडवले आणि मनगटाने झटकले. दोघांना सुईसारखं टोक आलं, तिसऱ्याच्या दोन शेंड्या झाल्या. तो त्यांनी परत डब्यात टाकला नाही, खाली कुठेतरी ठेवला. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड कॉटन पेपरची किंमत ऐकून माझा चेहरा पडला, तर २२ बाय ३० इंचाचा अख्खा कागद स्टीलच्या पट्टीवर धरून फाडला, चार भाग केले. "पाव न्या. जमला तर या." माझं बिल यादीच्या चौथाईवर आलं. असा धंदा करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण सगळंच गोडगोड लिहिणार नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या दिवसांत तिथे उभं राहून बघा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं आणि त्यांचे पालक, काउंटरला ही गर्दी! एका आईने दोनदा भाव विचारला तर काका म्हणाले, "घ्यायचंय का नुसतं विचारायचंय?" ती बिचारी पोराला घेऊन निघून गेली. मला फार वाईट वाटलं, आणि मी गप्प बसले त्याचं आणखी. जाणकार माणूस तिरसट असायचाच, असं आपण फार कौतुकाने चालवून घेतो. संकल्पचित्राला पोस्टर कलर लागतात आणि त्यात पांढरा सगळ्यात आधी संपतो, हे त्या बाईला तिथेच शांतपणे सांगता आलं असतं. माझ्या लेकीला सांगितलं होतंच की.

आता मूळ भांडण. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडून दहा कागद आणले. रंकाळ्यावरचं आकाश लावायला घेतलं, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, फिरवला आणि आकाशाला गोवर उठला. जिकडेतिकडे गडद ठिपके. रंग पटकन आत शिरू नये म्हणून अशा कागदाला जिलेटिनची खळ असते, ती दमट हवेत मरते. कोरा कागद छान पांढराशुभ्र दिसतो. मेलेल्या जागी रंग भसकन आत शिरतो तेव्हाच कळतं. चित्र घेऊन तशीच दुकानात गेले. काका म्हणाले, "घरात ओल असेल तुमच्या."

मग मात्र माझा आवाज चढला. बँकेत काउंटरला बसते, आवाज चढवता येतो मला. दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. काका काही बोलले नाहीत. त्याच गठ्ठ्यातला नवा कागद काढला, अल्ट्रामरीन भिजवला आणि सगळ्यांसमोर आडवा पट्टा ओढला. आम्ही सगळे त्या पट्ट्याकडे बघत उभे. अर्ध्या मिनिटात ठिपके उठले.

त्यांनी गल्ला उघडला, दहाही कागदांचे पैसे मोजून माझ्यापुढे ठेवले. उरलेल्या गठ्ठ्यावर जाड मार्करने 'प्रॅक्टिस, अर्धा दर' असं लिहिलं. सॉरी नाही, चहा नाही. मी चिडलेलीच घरी आले, आणि चार-पाच महिने हट्टाने ऑनलाइनच मागवलं. परवाची शोभा त्याचीच.

काल शेवटी गेले. कागदाच्या लाकडी कपाटाचं दार उघडून बघते तर तळाच्या कप्प्यात एक पिवळा बल्ब जळत होता, पूर्वी कधी नव्हता. मी बघत राहिले.

"दार लावा ताई," काका म्हणाले, "दमट हवा शिरतेय आत."