रस्त्यावरच्या दिव्याखाली एकदा बसून बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या लालबाग-काळाचौकी पट्ट्यात गुणगौरवाचे बॅनर झळकतात. मुलांचे पासपोर्ट साइझ फोटो, त्याखाली टक्के, आणि वर शुभेच्छुकांचे हात जोडलेले फोटो, मुलांच्या चौपट मोठे. मग हॉल, शाल, गुलाब, दफ्तर, ट्रॉफी. यंदा सीए इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप निघाले म्हणून मलाही बोलावलं होतं. ट्रॉफीवर आडनाव चुकलंय, पण ते असो. आईने ती टीव्हीशेजारी मांडलीय आणि आल्यागेल्याला दाखवतेय.

पाहुणे बोलायला छान होते. स्वप्नं मोठी बघा, परिस्थितीचं रडगाणं गाऊ नका, स्वतःच्या हिमतीवर मोठे व्हा, वगैरे. आणि मग ते नेहमीचं वाक्य आलंच: "ज्याला शिकायचंय तो रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकतो!" हॉल टाळ्यांनी दणाणला. माझे बाबाही टाळ्या वाजवत होते.

मला त्या दिव्याबद्दल बोलायचंय.

साहेबांनी आमच्या गल्लीतल्या दिव्याखाली एकदा बसून बघावं. तिथे दोन्ही बाजूंनी बाइका लावलेल्या असतात. साडेअकरापर्यंत चायनीजची गाडी असते, ती गेली की कुत्री येतात. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटला. आणि मी मुलगी आहे. रात्री बारा वाजता एक मुलगी दिव्याखाली कॅल्क्युलेटर घेऊन बसलीय, हे चित्र भाषणात फार प्रेरणादायी वाटतं. गल्लीत तिच्याकडे कोण कसं बघेल, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, कारण भाषणात टाळ्या वाजवायच्या असतात.

आमचं घर म्हणजे चाळीतली एक खोली, मोरी आणि पोटमाळा. आम्ही पाच जण. आईबाबा, आजी, धाकटा भाऊ, मी. टेबल नाही. आईचं शिलाई मशीन आहे, ते आत घालून वरची फळी मिटवली की माझं टेबल तयार. ब्लाउजची ऑर्डर असली की टेबल नाही. ही तक्रार नाही हं, त्या ब्लाउजांतूनच माझी क्लासची फी गेलीय. आजूबाजूलाही हेच आहे. बीडीडी चाळीतली मूळ खोली 160 चौरस फुटांची. वरळीला, नायगावला, ना. म. जोशी मार्गावर तेवढ्याच जागेत शंभर वर्षं लोक जन्मले, वाढले, पास झाले, नापास झाले. आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळतायत, बरं वाटतं ऐकून. आमच्या चाळीचा बिल्डर अजून कागदावरच आहे.

सीएचा अभ्यास बाहेरून बघणाऱ्याला वाटतो तसा नुसता पाठांतराचा नसतो. लॉ आणि ऑडिट लोकलमध्ये उभ्यानेही वाचून होतं. अकाउंट्स होत नाही. कन्सॉलिडेशनचं, म्हणजे मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशोब एकत्र करायचं, एक गणित सोडवायचं तर प्रश्न एका बाजूला, वह्या दुसऱ्या बाजूला, वर्किंग नोट्स तिसरीकडे, आणि मध्ये कॅल्क्युलेटर. हे सगळं पसरायला जागा लागते आणि दीड तास सलग लागतो. रात्री साडेदहाला अंथरुणं पडली की आमच्याकडे जमीन दिसत नाही. मग मी मशीनपाशी. माझा कॅसिओ जुना, बटणं टकटक वाजतात. आजी झोपेतून विचारायची, "कोण गं ठोकतंय?" शेवटी मी कॅल्क्युलेटरखाली रुमालाची घडी ठेवायला लागले. आवाज कमी झाला, पण कॅल्क्युलेटर डुगडुगायचा आणि सातच्या जागी आठ दाबलं जायचं.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. पहिली पाळी असली की साडेतीनला उठतात, म्हणजे त्यांना नऊ-साडेनऊला अंधार हवा. माझ्या परीक्षेआधी त्यांनी एका सहकाऱ्याशी बोलून दुसरी पाळी घेतली. मला सांगितलं नाही, मला ते आईकडून कळलं. त्या काकांचं नाव मला आजही माहीत नाही. त्यांनी महिनाभर पहाटेची गाडी धरली म्हणून माझा दिवा रात्री एकपर्यंत चालू राहिला. "स्वतःच्या हिमतीवर" हे शब्द कानावर पडले तेव्हा मला ते काका आठवले.

मेहनतीला किंमत नाही असं मी म्हणत नाहीये. गणितं मीच सोडवली, पेपर मीच लिहिले. पण मेहनत करायला आधी कुठेतरी बसावं लागतं, आणि मुंबईत नेमकं तेच महाग आहे. इथे बसायचेही पैसे पडतात. कॉफीच्या दुकानात दोनशे रुपयांची कॉफी घेतली तर दोन तास बसू देतात, तेही वेटर दर वीस मिनिटांनी "और कुछ मॅम?" विचारून जातो.

भाषणांत बाबासाहेबांचं नाव हमखास येतं. यायलाच हवं. पण कसं येतं? गरिबीतून एकटा माणूस केवळ जिद्दीने वर आला, असं. परळच्या बीआयटी चाळीतली त्यांची हकिगत नीट वाचली तर चित्र वेगळं दिसतं. जागा इतकी अपुरी की रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे. मग तो मुलगा उठायचा आणि त्याच्या जागेवर वडील आडवे व्हायचे. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचं. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं, पुस्तकं दिली. 1907 ला मॅट्रिक झाल्यावर पुढे पैशांची अडचण आली, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 ला बीए.

एवढी बुद्धी लाखात एखाद्याला असते, मान्य. पण त्या बुद्धीलाही रात्री दोनची जागा, एक बाग आणि एक गुरुजी लागले. आणि हे खुद्द बाबासाहेबांइतकं कुणाला कळलं असेल? 1946 साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि त्यात सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोरांना लेक्चर उरकून कामावर जाता यावं. त्यांनी वेळेची आणि जागेची सोय केली. जिद्दीवर व्याख्यान देणं त्याहून कितीतरी सोपं होतं.

मी आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या प्रशिक्षणाला, फोर्टात जाते. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे. पिवळट दगडाची, 1870 ची इमारत, मागे बाग, वर गॅलरीत लांबलचक आरामखुर्च्या. तिथे वकिलीची पोरं असतात, आमच्यासारखी असतात, आणि दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपलेले काही आजोबाही असतात. ती मूळ सुरू केली 1847 मध्ये टांकसाळ आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिकांनी. ससून शेठांची मदत नंतरची. म्हणजे या शहरात कामगारांनी स्वतःसाठी वाचायची खोली उभी केली, तीही पावणेदोनशे वर्षांपूर्वी. आमच्या गिरणगावाला हे जमणार नाही असं कोण म्हणतं?

आता बातम्यांबद्दल. मी सातवी-आठवीत असेन तेव्हा क्लासच्या सरांनी एक जुनं कात्रण भिंतीवर लावलं होतं. प्रेमा जयकुमार. मालाडच्या चाळीतली रिक्षाचालकाची मुलगी, नोव्हेंबर 2012 च्या सीए फायनलला देशात पहिली, 800 पैकी 607. त्या बातमीनेच माझ्या डोक्यात सीए शिरलं, हे खरंच. पण मथळ्यात एक गोष्ट नव्हती. तिचा धाकटा भाऊही त्याच परीक्षेत सीए झाला होता. एकाच खोलीत दोघं एकच अभ्यास करत होते. एकाला अडलं तर दुसरा होता, एकाचा दिवा तो दुसऱ्याचा दिवा. मला ही बातमी त्या रँकइतकीच मोठी वाटते. पण पेपरला एकच चेहरा लागतो, बॅनरलाही.

आणि ज्यांचा चेहरा बॅनरवर येत नाही त्यांचं काय? सीएच्या परीक्षेत नियम असा: प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के. तीन पेपरांचा ग्रुप, म्हणजे 300 पैकी 150. माझी मैत्रीण तिन्ही पेपरांत पास आहे आणि बेरीज 147. ग्रुप गेला. एका पेपरात 60 असते तर तेवढा पेपर तरी पुन्हा द्यावा लागला नसता, तेही नाहीत. ती नालासोपाऱ्याहून क्लासला यायची, सकाळी विरार लोकल, संध्याकाळी उलट गर्दी. टॅक्स मला तिने शिकवलाय. खोटं नाही सांगत, जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट माझ्या डोक्यात तिच्यामुळे बसलं, अंधेरीच्या पुलावर उभं राहून. आता त्या हॉलमधल्या हिशोबाने मी स्वप्न पूर्ण करणारी आणि ती कमी पडलेली. तिने पुढचा अटेम्प्ट भरलाय. तिला "हार मानू नकोस" असं सांगणारे घरी रोज येतात म्हणे. रविवारी दुपारी चार तास बसायला शांत जागा देणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

म्हणून मी थेट मुद्द्यावर येते. आमच्या मंडळाचं ऑफिस वर्षातले दहा दिवस गजबजलेलं असतं, आधीचा महिनाभर वर्गणीची पुस्तकं आणि मीटिंगा असतात. एरवी संध्याकाळी कॅरम, बाकी वेळ कुलूप. ट्यूबलाइट आहेत, दोन पंखे आहेत, खुर्च्या तर मंडपाच्या रचून ठेवलेल्या आहेत. मुंबईत कितीतरी ठिकाणी मंडळांच्या, पालिकेच्या अभ्यासिका आहेत, त्यात शिकून पोरं पोलीस भरतीत, बँकेत, मंत्रालयात लागलीत. आम्ही काही जगावेगळं मागत नाही.

मी सेक्रेटरी काकांकडे विषय काढला. माणूस मनाने चांगला, लॉकडाऊनमध्ये दारोदार धान्य पोचवलंय त्यांनी. म्हणाले, "बाळा, विचार चांगला आहे, पण जबाबदारी कोण घेणार?" मग हळूच खरी अडचण आली: "पोरं-पोरी रात्री एकत्र बसणार, उद्या काही झालं तर नाव मंडळाचं." विसर्जनाला अठरा तास पोरं-पोरी एकत्र नाचतात तेव्हा मंडळाचं नाव मोठं होतं, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. काम करून घ्यायचंय.

पण ही अडचण मी झटकूनही टाकत नाही. जवळच्या एका अभ्यासिकेत मी काही दिवस जात होते. मुलगे रात्री बारापर्यंत बसायचे, काही तिथेच आडवे व्हायचे. मुलींनी नऊला निघायचं, असा अलिखित नियम. बाथरूमला कडी नव्हती. अशाने अर्ध्या मुली आठवड्याभरात गळतात, आणि मग लोक म्हणतात, मुली येतच नाहीत, कशाला चालवायचं. तेव्हा कडी, बाहेर एक दिवा, आणि दहानंतर घरापर्यंत सोडायला चाळीतलीच दोन माणसं, एवढं पहिल्या दिवसापासून हवं. आमच्या आया पाळीपाळीने बसायला तयार आहेत. माझी आई म्हणाली, शिवणाचं काम तिथेच नेईन. फक्त मशीनचा आवाज चालणार नाही, हातशिलाई ने, असं मी तिला सांगितलंय.

पैशांचं म्हणाल तर ट्रॉफ्यांचा खर्च एक वर्ष वाचवा. खरंच सांगते, कोणी रुसणार नाही. टक्क्यांची अट नको, बॅनर नको. दहावीत 92 वाला आणि 47 वाला, दोघांना सारखीच खुर्ची. 47 वाल्याला ती जास्त लागणार आहे.

येत्या रविवारी मंडळाची मीटिंग आहे, मी अर्ज लिहून ठेवलाय. ज्यांच्या मंडळात किंवा सोसायटीत अभ्यासिका चालू आहे त्यांनी कृपा करून इथे लिहा: किल्ली कोणाकडे असते, महिन्याचं लाइट बिल किती येतं आणि कोण भरतं, मुलींसाठी काय सोय केलीत, परीक्षेच्या दिवसांत जागेवरून भांडणं होतात ती कशी मिटवता. आणि कॅरम खेळणाऱ्या काकांना न दुखावता कॅरम बोर्ड कुठे हलवलात, तेही सांगा. आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध तिथूनच होणार आहे.