‘एका रक्तचाचणीत रिजेक्शन कळतं, बायोप्सी विसरा’: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

हृदय प्रत्यारोपण झालेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे. आशय असा: बायोप्सी जुनी आणि धोक्याची झाली, नव्या रक्तचाचणीत रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं) कळतं, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होतं, आणि रिपोर्ट चांगला असेल तर रिजेक्शन रोखणाऱ्या गोळ्याही कमी करता येतात. यातला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच बाकीच्यावर विश्वास बसतो.

‘बायोप्सी कालबाह्य झाली.’

बायोप्सी कुणालाच आवडत नाही. मानेतल्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि मधल्या पडद्याचे एक-दोन मिलिमीटरचे चार-सहा तुकडे काढतात. ट्रायकस्पिड झडपेला इजा होऊ शकते, क्वचित भिंतीला छिद्र पडतं. शिवाय रिजेक्शन झालेला भाग नेमका चिमट्यात न येण्याचीही शक्यता असते. ती टाळता आली तर टाळावीच.

ती कुणाची टाळता येते, याचं उत्तर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इमेज’ या अभ्यासाने दिलं. ६०२ रुग्णांपैकी एका गटाची नियमित बायोप्सी झाली. दुसऱ्या गटाची ॲलोमॅप ही रक्तचाचणी झाली, जी २० जनुकांच्या हालचालीवरून ० ते ४० गुण देते. दोन वर्षांत गंभीर रिजेक्शन, हृदयाचं काम ढासळणं, मृत्यू किंवा पुन्हा प्रत्यारोपण यांपैकी काही घडलं ते रक्तचाचणीच्या गटात १४.५ टक्के आणि बायोप्सीच्या गटात १५.३ टक्के रुग्णांत. बायोप्सींची संख्या मात्र वर्षाला माणशी बायोप्सीच्या गटात सरासरी ३, तर रक्तचाचणीच्या गटात ०.५ होती.

संदेशात इथेच पूर्णविराम आहे. पण या अभ्यासात घेतलेले रुग्ण प्रत्यारोपणानंतर किमान सहा महिने उलटलेले आणि स्थिर होते. रिजेक्शनचा धोका सर्वांत जास्त असतो ते पहिले महिने यात नव्हतेच. पुढे ५५ व्या दिवसापासून सुरुवात करणारा अभ्यास झाला, पण तो फक्त ६० रुग्णांचा होता. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते: रक्तचाचणीच्या गटात उपचार करावे लागलेली ३४ रिजेक्शन्स झाली, त्यांतली केवळ सहा त्रास नसताना निव्वळ गुण वाढल्यामुळे सापडली. बहुतेक कळली ती तपासणीतून, लक्षणांतून आणि इकोमधून (हृदयाच्या सोनोग्राफीतून). म्हणून रक्त देऊन आलात तरी इको चुकवू नका.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालू असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर ॲलोमॅपच्या गुणांवर भिस्त ठेवता येत नाही. प्रतिपिंडांमुळे होणारं रिजेक्शन तर ती पाहतच नाही. त्यासाठी दात्याविरुद्धची प्रतिपिंडं वेगळी मोजावी लागतात.

‘दात्याचा डीएनए ०.२५ टक्क्यांच्या खाली म्हणजे सगळं ठीक, वर म्हणजे रिजेक्शन.’

दात्याच्या हृदयातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए रक्तात येतो आणि साधारण तासा-दोन तासांत निम्मा होतो. म्हणून ही चाचणी इजा ताजी असतानाच दाखवते. २०२१ च्या ‘ग्राफ्ट’ अभ्यासात (१७१ रुग्ण) ०.२५ टक्क्यांच्या खालचा निकाल रिजेक्शन नसल्याचं ९९ टक्के वेळा बरोबर सांगत होता, आणि ८१ टक्के बायोप्सी टाळता आल्या असत्या. हे मोठं यश आहे. पण आकडा वर गेला तर इतकंच कळतं की हृदयाला इजा होते आहे. ती पेशींमुळे आहे की प्रतिपिंडांमुळे, उपचार कुठला द्यायचा, हे सांगायला पुन्हा बायोप्सीच लागते.

खालचा आकडाही फसवू शकतो, कारण तो रक्तात सुट्या फिरणाऱ्या एकूण डीएनएमधला टक्का आहे. दात्याचे ४ तुकडे आणि एकूण १००० तुकडे, तर ०.४ टक्के. जोराचा संसर्ग होऊन रुग्णाचा स्वतःचा डीएनए वाढला आणि एकूण ४००० झाले, तर त्याच ४ तुकड्यांचा टक्का ०.१ होतो. हृदयाची इजा तेवढीच राहते, रिपोर्ट मात्र चांगला येतो. नमुना वाईट हाताळला तरी हेच घडतं: नळी जोराने हलवली किंवा साध्या नळीत तासन्‌तास पडून राहिली, की रुग्णाच्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए मिसळतो. पेशी टिकवणारी खास नळी हवी, ती हळुवार आठ-दहा वेळा उलटसुलट करायची आणि गोठवायची नाही. त्याच दिवशी बायोप्सी असेल तर रक्त आधी घ्यावं, कारण चिमट्यानेही दात्याचा डीएनए रक्तात सुटतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आकडा तसाही वरच असतो.

‘ट्रोपोनिन आणि बीएनपी पुरेत.’

पुरत नाहीत. प्रत्यारोपणानंतर ट्रोपोनिन आणि बीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) दोन्ही बराच काळ वाढलेले राहू शकतात, आणि टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाने मूत्रपिंड दमलं की आणखी वाढतात. त्याच रुग्णाच्या आधीच्या आकड्याशी तुलना करायला ते उपयोगी आहेत, एवढंच. आणि नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात तो आजार यांपैकी कुठलीही चाचणी खात्रीने पकडत नाही. हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने छातीतही बहुधा दुखत नाही, म्हणून अँजिओग्राफी ठरल्या वेळी करावीच लागते.

‘रिपोर्ट चांगला, तर गोळ्या कमी.’

हे सर्वांत घातक वाक्य आहे. चांगला रिपोर्ट गोळ्या चालू असतानाचा असतो. डोस ठरतो तो टॅक्रोलिमसच्या पातळीवरून. रात्री आठला गोळी घेतली असेल तर सकाळी आठच्या सुमारास, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचं, आणि तेही ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, कारण औषध मुख्यतः लाल पेशींत असतं. गोळी घेऊन दोन तासांनी रक्त दिलं तर पातळी खोटी जास्त दिसते, डोस उतरवला जातो आणि रिजेक्शनला वाट मिळते. जुलाबात पातळी खरोखरच वाढते, फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांनीही वाढते. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर ती काही दिवसांत कोसळते. रिफॅम्पिसिनचा पहिला डोस घेण्याआधीच प्रत्यारोपण केंद्राला कळवा, आणि रिफॅम्पिसिन थांबतानाही कळवा: त्याचा परिणाम ओसरायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि त्या काळात वाढवलेला टॅक्रोलिमस पायरीपायरीने खाली आणावा लागतो.