नदीत वारो नसता

मालवण-कुडाळकडच्या कुणाही गरवणाऱ्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी विचारा. समुद्रावर लाटा फुटत असोत, बंदरातल्या होड्या एकमेकींवर डोकी आपटत असोत, सुरूची बनं कमरेत वाकलेली असोत, तो शांतपणे सांगणार, "नदीत जावा. नदीत वारो नसता." हे सांगणारा स्वतः त्या वेळी पडवीत चहा पीत बसलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, एवढी निवांत नदी सोडून तू इथे काय करतोस?

मी शाळामास्तर. मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून उलट. मी फळ्यावर जो बाण काढतो तो समुद्रावरून निघतो आणि किनाऱ्यावरच्या माडापाशी येऊन थांबतो, कारण तिथे फळा संपतो. खरा वारा माडापाशी थांबत नाही. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून निघून पश्चिमेला येतात, त्यांची तोंडं समुद्राकडे आ वासलेली, काठाला डोंगर. फेब्रुवारी ते मे या दिवसांत वायव्येचा वारा अकराच्या सुमाराला उठतो, त्या तोंडातून आत शिरतो आणि नदी वळेल तसा वळत वर चढतो. डोंगरांमध्ये दाटला की त्याला आणखी चेव येतो. कर्ली नदीवर मी त्याला दोन-दोन वळणं ओलांडून केवळ माझ्या टोपीसाठी आलेला पाहिलाय.

ज्यांना गरवण्याचा नाद नाही त्यांना वाटेल, वाऱ्याने काय बिघडतं? गरी, म्हणजे गळाचा आकडा, पाण्याखाली, मासा पाण्याखाली. खरं आहे, पण मधला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, हवेत असतो आणि त्याचं टोक धरून मी असतो. वाऱ्यात फेकलेली गरी निम्म्या वाटेत विचार बदलते आणि शेजाऱ्याच्या शर्टाकडे वळते. त्यातूनही ती पाण्यात पडलीच, तर तंगूस पोट काढून बाजूला फुगतो, शिसं तळावरून सरपटत दगडात जातं आणि रॉडचं टोक एकसारखं थरथरायला लागतं. तांबोशी मासळी कशी लागते हे ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आधी दोन बारीक टिचक्या, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती एकदम गरी घेऊन काठच्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांकडे धावते. सगळा खेळ त्या दोन टिचक्यांवर. वाऱ्याच्या दिवशी रॉड अखंड टिचक्या देत असतो. त्यातल्या तांबोशीच्या कुठल्या आणि वायव्येच्या कुठल्या हे सांगायला ज्योतिषी बसवावा लागेल. शिवाय रिळावर सैल गुंडाळला गेलेला तंगूस पुढच्या फेकीला एकदम गोळा होऊन बाहेर येतो. तो गुंता सोडवताना माणसाचं वय आणि शब्दसंग्रह दोन्ही वाढतं.

"मग सकाळी लवकर जा की," असं आमची ही म्हणते. बरोबर आहे. पहाटेचा मतलई मंद असतो आणि तो पडल्यावर नऊ-साडेनऊपर्यंत नदी अगदी शहाण्यासारखी वागते. पण मासा घड्याळावर खात नाही, पाण्यावर खातो. पाणी हललं की त्याला भूक लागते. भरतीचा हिशेब आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा करतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो साधारण भरतीचा आकडा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. आता पौर्णिमेचा रविवार घ्या. उधाणाची भरती, पाण्याला नुसता जोर. पण ते भरून होतं सव्वाअकराला, म्हणजे नेमकं वारा कामावर हजर होतो तेव्हा. तिथून पुढे सुकती, म्हणजे ओहोटी. पाणी पश्चिमेला धावतंय, वारा पूर्वेला रेटतोय आणि दोघांच्या भांडणात खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा. बरं, अष्टमीचा घ्या. सहाला भरती, मग सकाळभर सुकती, वाऱ्याचा पत्ता नाही. स्वर्गच! पण अष्टमीला भांग असतो. पाणी जेमतेम चढतं, जेमतेम उतरतं आणि मासा तळाशी बसून उपास करतो. चंद्र, सूर्य आणि शाळेचं वेळापत्रक या तिघांचं एकमत होईल असा रविवार मला पंचांगात अजून सापडायचाय.

म्हणून आडोसा शोधायचा. आणि आडोसा म्हटलं की आबा.

आबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, माझे शेजारी. सिंधुदुर्गातला एकही रस्ता असा नाही ज्याच्यावर त्यांनी गाडी घातली नाही आणि एकही नदी अशी नाही जिच्या काठावर त्यांना "एक जागा" ठाऊक नाही. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या अ‍ॅपवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. अ‍ॅपला समुद्र कळतो, माडाची वाडी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. चिपीच्या पठारावर २०२१ साली विमानतळ सुरू झाला. वाऱ्याची दिशा बघायला विमानतळावर कापडी मोजा टांगतात हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, "माका इचारल्यानी असता तर मोज्याचे पैशे वाचले असते." त्यांची पद्धत साधी. करंगळी तोंडात घालायची आणि वर धरायची. ज्या बाजूने गार लागेल तिकडून वारा. चारी बाजूंनी गार लागलं की आबा करंगळी खिशात घालतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

त्या रविवारी त्यांची पहिली जागा देवबाग. नकाशात बघा, कर्ली नदी समुद्राला मिळायच्या आधी तारकर्लीपासून किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे वाहते. मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांच्या वाड्या आणि घरं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला नदी. वायव्येचा वारा असला की नदीकडची बाजू माडांच्या पाठीमागे येते. कागदावर याच्याइतका चोख आडोसा शोधून मिळायचा नाही. एका ओळखीच्या वाडीच्या कडेला बसलो. आणि खरंच, वारा नव्हता! पाण्यावर सुरकुती नाही. आबांनी कोळंबी टोचली, मी गरी टाकली, तंगूस सरळ रेषेत पाण्यात उतरला. असं सुख मास्तराच्या वाट्याला क्वचित येतं.

पण वारा अडवायचं काम कुणीतरी करत होतं ना? ते माड करत होते, आणि करताना गदगदा हलत होते. पहिल्यांदा झावळ पडली. लांब पडली, आम्ही कौतुकाने बघितलं. मग धप्प करून एक नारळ माझ्या डब्याच्या पलीकडे वाळूत अर्धा रुतला. आबांनी नारळाकडे पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "वायच सरकान बसा." सरकलो, तर वर दुसरा माड. माडाच्या वाडीत सरकून सरकून माणूस जाणार कुठे? एक डोळा रॉडच्या टोकावर आणि एक माडाच्या शेंड्यावर ठेवून किती वेळ बसता येतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा तपासून बघावं. शेवटी काठाकाठाने मोकळ्या वाळूवर पुढे सरकलो. तिथे माडांवरून उडी मारून आलेला वारा आमची वाटच बघत होता. झाडांचा आडोसा त्यांच्या उंचीच्या काही पट अंतरापर्यंतच असतो, पुढे वारा पुन्हा खाली उतरतो. म्हणजे जिथे वारा नाही तिथे नारळ आणि जिथे नारळ नाही तिथे वारा.

आणखी खाली संगमाकडे जावं तर त्सुनामी बेट. निवांत पाणी मास्तरांनाच आवडतं असं नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे तिथे केळ्याच्या आकाराच्या रबरी नळीवर ओळीने बसतात, पुढून मोटरबोट ओढते, आणि बाजूने जेट स्की घुमवत कुणीतरी आनंद व्यक्त करत असतो. वाऱ्याने जिथे लाटा होत नाहीत तिथे त्या यंत्राने करून मिळतात.

"थंय बघा, मास्तरांनू," आबांनी पलीकडे बोट केलं. "पाण्यार सुरकुती तरी आसा?"

समोर कोरजाईच्या बाजूला पाणी खरंच गुळगुळीत दिसत होतं. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, ती मला नंतर काठावर बसून बसून कळली. वाऱ्याकडे पाठ करून पाणी बघितलं की आपल्याला लाटांच्या पाठी दिसतात, आणि लाटेची पाठ नेहमीच सोज्वळ असते. फुटणारं तोंड पलीकडे बसलेल्याच्या वाट्याला. म्हणून वाऱ्याच्या दिवशी पलीकडचा काठ सुखी दिसतो.

होडीने पलीकडे जायला किती वेळ? चहा निवायच्या आत. पण आबा पडले ड्रायव्हर. "होडयेक पैशे कित्याक? गाडी आसा मा!" रस्त्याने जायचं म्हणजे देवबागवरून मागे तारकर्ली, मग चौके, धामापूर, नेरूरपारच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि परुळ्यावरून परत खाली समुद्राकडे. जी जागा डोळ्यांना दिसत होती तिच्यासाठी आम्ही अर्धा तालुका फिरलो. वाटेत आबांनी प्रत्येक थांब्याचा इतिहास सांगितला, कुठे टायर फुटला होता, कुठे कुणाची म्हैस आडवी आली होती.

नेरूरपारला पुलाखाली थांबायचा मोह झाला. पुलाचे खांब जाडजूड, त्यांच्या पाठीमागे आडोसा असणार हा विचार आमच्या आधी बऱ्याच जणांना सुचला होता. एकेका खांबामागे गरवणारे दाटीवाटीने उभे. आम्हीही घुसलो. खांबाच्या मागे वारा नव्हता, पण दोन खांबांच्या मधून तो असा सुसाटत होता की सगळ्यांचे तंगूस एकाच कोपऱ्यात गोळा होत होते. थोड्या वेळाने चौघांना एकदम मासा लागला. चौघंही ओरडलो, चौघांनीही रीळ फिरवलं, ओढ जबरदस्त होती. कुणी म्हणालं गोबरा, कुणी म्हणालं चोणक. वर आलं तेव्हा कळलं की आम्ही एकमेकांना ओढत होतो. गुंता एवढा मोठा की कुठली गरी कुणाची यावरून थोडं बोलणं झालं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोरजाईला पोचलो तेव्हा वायव्या ऐन भरात. काठावरच्या प्रत्येक लाटेने तोंडावर थुंकून स्वागत केलं. पलीकडे देवबागच्या माडांखाली मात्र पाणी स्तब्ध. आबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. "मगाशी आपण थंयच होतव, नाय?" मी उत्तर दिलं नाही.

परतताना आबांना आणखी एक जागा आठवली. मुख्य नदीला डाव्या अंगाने एक अरुंद व्हाळ मिळतो, दोन्ही बाजूंना चिपी (विमानतळाची नव्हे, त्या नावाची खारफुटी) आणि कांदळाची दाट झाडी. गाडी लांब ठेवून, बांधावरून चालत, मग चिखलातून. चप्पल एकदा घोट्यापर्यंत गेली आणि वर पाय एकटाच आला. पण आत शिरलो आणि अवाक झालो. वारा डोक्यावरून जात होता, खाली पान हलत नव्हतं. आबांच्या चेहऱ्यावर एसटी वेळेत पोचवल्याचं समाधान. मात्र जिथे वारा नाही तिथे डास असतात, हे विज्ञानाच्या पुस्तकात घालायला हवं. दिवसाढवळ्या, कानात, पापणीवर, रॉड धरलेल्या बोटांच्या पेरांवर. हात हलवला तर गरी हलते, नाही हलवला तर रक्त जातं. तंगूस कांदळाच्या मुळांत अडकत होता. सोडवायला ओढला की मुळांवर चिकटलेल्या कालवांच्या कडेवर कचकन तुटत होता.

तेवढ्यात समोरच्या मुळांमधून एक पाणमांजर निघालं. चपटं डोकं, ओल्या मिशा. आमच्याकडे नीट बघून घेतलं, बुडी मारली आणि वर आलं ते तोंडात तांबोशी घेऊन. पावणेदोन वीत तरी असेल. पुढच्या पायांत धरून, डोक्याकडून सुरुवात करून, कुडुम कुडुम आवाज करत ते खायला लागलं. मागून आणखी दोन आली, त्यांनीही आपापलं काम केलं. आमच्या गऱ्या मधेच पाण्यात होत्या, त्यांना वळसा घालून. आबांनी कोळंबीचा डबा बंद केला.

"हेंका वारो लागना नाय," ते म्हणाले. आवाजात आदर होता.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत कोल्हापूरकडचे एक तरुण सर बदलून आले. पंचगंगेत गळ टाकलेला माणूस. खाडी नवीन. वाऱ्याच्या दिवशी कुठं बसावं असं त्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं आणि मी प्रामाणिकपणे देवबाग सांगितलं. रविवारी दुपारी त्यांचा फोन.

"सर, जागा झकास आहे, पण वरनं नारळ पडायला लागलेत हो!"

"समोर काय दिसतंय?"

"पलीकडं? पलीकडं पाणी एकदम गप्प आहे."

"मग जावा की पलीकडे."

"होडी बघू?"

"छे, छे," मी म्हणालो, "होडीला पैसे कशाला घालता? रस्त्याने जावा."