‘फक्त ४,९९९ रुपयांपासून’

छोट्या दुकानदारांना वेबसाइट बनवून देण्याच्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या इंदूरच्या समस्त होतकरू तरुणांना आमचे मनःपूर्वक आशीर्वाद. आम्ही म्हणजे दोघी जावा. राजेंद्रनगरात राहतो आणि गेली अकरा वर्षे भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि चटण्या करून विकतो. संगणकातले आम्हाला काही कळत नाही हे प्रारंभीच कबूल करतो. मात्र संगणकवाल्यांच्या दरपत्रकातले आता इतके कळते की त्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही पैसे मोजून मिळवलेला आहे. यंदा नवरात्रात, म्हणजे चकलीच्या भाजणीच्या ऐन हंगामात, आमची वेबसाइट बंद पडली आणि तिच्या पत्त्यावर झटपट कर्जाच्या जाहिराती दिसू लागल्या. उज्जैन, देवास आणि ग्वाल्हेरच्या जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून, भाजणी सोडून सावकारी कधीपासून सुरू केली, अशी काळजीने चौकशी केली. या अनुभवातून आलेले शहाणपण पदरात बांधून ठेवणे बरे नव्हे, म्हणून पुढील सूचना आपल्या हितासाठी देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, किंमत कधीही सांगू नये. जाहिरातीत ‘फक्त ४,९९९ रुपयांपासून’ असे छापावे. ‘फक्त’ ठळक असावे, आकडा त्याहून ठळक असावा, आणि ‘पासून’ इतके बारीक असावे की ते वाचण्यासाठी गिऱ्हाइकाला चष्मा पुसावा लागेल. सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटल्यावर रात्री कढई मांडणारा, गराडू म्हणजे तळलेला कंद विकणारा, गराडूवाला तळायच्या आधी भाव सांगून मोकळा होतो; पण त्याला ‘कस्टमाइज्ड सोल्यूशन’ म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्यापासून काही शिकण्यासारखे नाही. गिऱ्हाइकाने एकूण खर्च किती असे थेट विचारलेच, तर ‘काकू, ते तुमच्या रिक्वायरमेंटवर आहे’ असे म्हणून हसावे, आणि ‘आपण आपल्यातलेच, तुमच्याकडून काय जास्त घेणार’ हे पुढचे वाक्य विसरू नये. इंदुरात मराठी माणसाला मराठीत गंडवणे फार सोपे जाते, कारण आपल्यातला मुलगा म्हटल्यावर आम्ही हिशेब विचारत नाही, चहा विचारतो.

पॅकेजना सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी नावे द्यावीत. सराफ्यातल्या सोन्याला २०२१ पासून हॉलमार्क लागू झाला आहे. आपल्या ‘गोल्ड’ला तसले काही लागत नाही.

गिऱ्हाईक निम्मे पैसे आगाऊ देऊन बसले, म्हणजे उरलेली किंमत कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकेक करून उलगडावी. आमच्या बाबतीत ती गेल्या वर्षी अशी उलगडली: होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचे, ३,६०० रुपये, सुरक्षा प्रमाणपत्राचे २,५००, पैसे ऑनलाइन घेण्यासाठी गेटवे जोडण्याचे ६,०००, आमच्या २४ पदार्थांची पाने टाकण्याचे प्रत्येकी २५० प्रमाणे ६,०००, वेबसाइट मोबाइलवर नीट दिसण्याचे ४,००० (त्याआधी ती कशावर दिसणार होती हे विचारायचे राहून गेले), आणि मराठी अक्षरांचे २,०००. मूळचे ४,९९९ धरून बेरीज २९,०९९ झाली आणि तीवर १८ टक्के जीएसटी चढून ती ३४,३३६ रुपये ८२ पैशांवर जाऊन थांबली. पैसेसुद्धा सोडू नयेत, त्याने हिशेब चोख वाटतो.

यातल्या कोणत्या वस्तू फुकट मिळतात, हे मात्र गिऱ्हाइकाला कळू देऊ नये. सुरक्षा प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्य देत आली आहे आणि बहुतेक होस्टिंगवर ते आपोआप नवे होत राहते. ज्या वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर आमची वेबसाइट उभी आहे ते २००३ पासून कुणालाही मोफत वापरता येते. देवनागरीचे म्हणाल तर, मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे फॉन्ट विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यातल्याच एकाचे नाव ‘मुक्त’ असावे आणि त्याच्यासाठी आमच्याकडून २,००० रुपये घेतले जावेत, हा विनोद आमच्या भाचीने समजावून सांगितला तेव्हा आम्हाला नीटसे हसू आले नाही. फुकटची वस्तू नीट बसवून देण्यातही मेहनत असते हे आम्ही जाणतो. मग बिलात ‘मेहनत’ असे का लिहिले जात नाही, हे आम्ही जाणत नाही.

वेबसाइटवरचा फोन नंबर बदलून देण्याचे ५०० रुपये घ्यावेत.

पैसे देण्याचे पर्याय भरपूर ठेवावेत, म्हणजे त्यांतल्या एकाचीही पावती द्यावी लागत नाही. यूपीआयसाठी असा क्यूआर पुढे करावा की स्कॅन केल्यावर भलत्याच बाईंचे नाव दिसेल, आणि ‘मम्मीचं अकाउंट आहे, काकू’ असे सांगावे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयच्या व्यवहारावर बँकेने व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहाराचे शुल्क, घ्यायचा नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे; तरीही २ टक्के ‘यूपीआय चार्ज’ मागून पाहावा. ज्या शहरात पोह्याच्या गाडीवर २० रुपये स्कॅन करून देतात तिथे हा चार्ज कुणी देईल असे वाटत नाही, पण आमच्या मोठ्या जाऊबाईंनी तो शेवटच्या हप्त्यावर दिला. चेक शक्यतो टाळावा, कारण चेकवर नाव लिहावे लागते. हप्ते कामाच्या टप्प्यांशी न बांधता तारखांशी बांधावेत. आराखडा पाहिल्यावर एक हप्ता, पाने तयार झाल्यावर दुसरा आणि वेबसाइट सुरू होऊन तिच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, हातात आल्यावर तिसरा, अशी गावंढळ पद्धत पाडली तर काम पूर्ण करावे लागते. त्याऐवजी महिन्याच्या ५ तारखेला पैसे घ्यावेत आणि काम मात्र ‘या वीकेंडला’ करावे.

लेखी करार करू नये. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचे हक्क, लेखी हस्तांतर झाले नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतात, ही कायद्याने आपली केलेली केवढी मोठी सोय आहे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ‘आजीवन मोफत’ द्यावा. डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचीच करता येते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. त्यामुळे ‘आजीवन’ हे कुणाचे जीवन आणि किती, हा प्रश्न त्याला पडत नाही. आमच्या बाबतीत ते जीवन ३६५ दिवसांचे निघाले. आणि हे डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर कधीही घेऊ नये. ते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइलच्या ओटीपीवर घ्यावे. नाव आमच्या सासूबाईंचे, भाजणीचे प्रमाण त्यांचे, अकरा वर्षे पाकिटांवर छापलेले ते नाव आमचे. आणि त्याच नावाचा पत्ता मात्र कागदोपत्री विजयनगरात बसलेल्या एका मुलाचा, ज्याने आयुष्यात कधी कढईत पळी फिरवलेली नाही! वर्षभरानंतर रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवावी: ‘काकू, रिन्यूअल पेंडिंग आहे, १०,००० + जीएसटी.’ साध्या डॉट कॉम नावाचे नूतनीकरण वर्षाला साधारण हजार-दीड हजारात होते, हे काकूंना तीन दिवसांनी कळावे. तोवर मुदत संपलेली असावी. काकूंनी फोन केल्यास तो उचलू नये. उचललाच तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणावे. काकूंनी डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला थेट फोन केल्यास तिथली मुलगी अतिशय नम्रपणे सांगेल की खाते ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच आम्ही बोलू शकतो, आणि तिचे काहीही चुकलेले नसेल. मुदतीनंतर सवलतीचे काही दिवस जातात, मग ३० दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ लागतो ज्यात नाव सोडवण्याची किंमत कित्येक पटींनी वाढते, आणि त्यानंतर ते नाव जगातल्या कुणालाही विकत घेता येते. म्हणजे आमच्या सासूबाईंचे नाव उद्या कुणीही घेऊन जाईल, आणि आम्ही इकडे दसऱ्याच्या दिवशी २२ किलो भाजणीच्या ऑर्डरी वहीत पेन्सिलीने लिहून घेत बसावे! याला नूतनीकरण म्हणत नाहीत. गावाकडे विहिरीवर बसून रहाट काढून घेणाऱ्याला जे म्हणतात तेच याला म्हणतात.

क्षमा असावी, सूचना देत होतो.

बिल द्यावेच लागले तर त्यावर जीएसटी क्रमांक छापावा, पण १४ अक्षरी छापावा. आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या आत असल्यामुळे आम्हाला भरलेल्या जीएसटीची वजावट घ्यायची नसते आणि म्हणून गेल्या वर्षी त्या क्रमांकाकडे आम्ही पाहिलेदेखील नव्हते. परवा ११,८०० रुपयांचे नवे बिल आले तेव्हा जाऊबाईंनी चष्मा पुसून अक्षरे मोजली, मग मला मोजायला लावली, मग जुने बिल काढून तेही मोजले. दोन्हींवर १४ अक्षरे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो: पहिली दोन अक्षरे राज्याची, मध्य प्रदेशासाठी २३, पुढची दहा पॅनची, आणि अगदी शेवटी तपासणीचे एक अक्षर. १४ अंक असतात ते आमच्या एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थ विकण्याच्या परवान्याच्या, क्रमांकाला, जो आम्ही मेतकुटाच्या १०० ग्रॅमच्या पुडीवरही छापतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुठलाही क्रमांक फुकट तपासता येतो. भाचीने तपासला, आणि तिथे असा क्रमांकच नाही. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा त्याला नोंदणीची सक्ती नसते, आणि तसे असण्यात काही कमीपणाही नाही. पण नोंदणी नसताना जीएसटीच्या नावाने पैसे घ्यायला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३२ ची सरळ मनाई आहे. म्हणजे गेल्या वर्षी आमच्याकडून १८ टक्क्यांच्या नावाखाली घेतलेले ५,२३७ रुपये ८२ पैसे सरकारकडे गेले नाहीत. ते मम्मीच्या अकाउंटमध्ये गेले.

आता सूचना पुरे झाल्या.

अरे, आम्ही अर्धा किलो भाजणी विकतो. त्या पाकिटावर आमचे नाव, पत्ता, वजन, महिना, वर्ष, तक्रारीचा फोन नंबर आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी ते बंधनकारक केले आहे, आणि नियम नसता तरी आम्ही छापले असते, कारण समोरच्याला किती मोजायचे आहेत हे त्याला आधी कळले पाहिजे. ‘१८० रुपयांपासून’ असे लिहून मग जिऱ्याचे वेगळे, धन्याचे वेगळे, दळणावळीचे वेगळे आणि पाकीट उघडण्याचे वेगळे असे आम्ही मागितले असते, तर या इंदूरने पहिल्याच दिवाळीला आमच्या दारावर ते पाकीट परत आणून आपटले असते. तू ३५ हजार सांगितले असतेस तर आम्ही रात्रभर बोललो असतो, कुरकुरलो असतो, आणि सकाळी दिले असते. मेहनतीचे पैसे आम्हाला जड होत नाहीत. आम्हीही मेहनतच विकतो. पण तू किंमत लपवलीस, खोटा कर लावलास, आमचे नाव स्वतःच्या नावावर ठेवलेस आणि हंगाम पाहून ते गहाण टाकलेस. आणि हे सगळे तू ‘आपल्यातलेच’ म्हणत, आमच्या ओट्यावर बसून, आमचीच चकली खात केलेस. लाज वाटायला पाहिजे होती.

बाकीच्यांनीही ऐकून ठेवा. दर लिहा, एकूण लिहा, दरवर्षी किती लागेल ते वेगळे लिहा, काय फुकट आहे तेही लिहा, आणि डोमेन पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या ईमेलवर घ्या. चार ओळींचा कागद होतो. एवढे ज्याला जमत नाही त्याने दुसऱ्याचे दुकान उभे करून देण्याच्या भानगडीत पडू नये.

आणि तू: आज संध्याकाळपर्यंत नूतनीकरण कर, कंपनीची खरी पावती दाखव, तेवढे पैसे आम्ही देतो. डोमेन आमच्या खात्यावर कर. ५,२३७ रुपये ८२ पैसे परत कर, चेकने, त्यावर स्वतःचे नाव लिहून.