दोन दत्तात्रय

परवा शिवाजीनगर कोर्टाबाहेर, भर दुपारी, मी प्रतिज्ञेवर लिहून दिलं की माझे वडील एकच आहेत.

वडिलांचं नाव दत्तात्रय. इंग्रजीत दहावीच्या गुणपत्रिकेवर शेवटी 'वाय ए', आधारवर नुसता 'वाय'. त्या 'ए'वाचून आजवर कुणाचं अडलं नव्हतं. पहिली नोकरी लागली आणि एचआरमधून कागद परत आले : नाव जुळत नाही.

टायपिस्टने मराठीत मजकूर ठोकला आणि वाचून दाखवला. "दत्तात्रय व दत्तात्रय ही एकाच व्यक्तीची नावे आहेत."

शेजारच्या स्टुलावर एक काका भाडेकराराची वाट बघत बसले होते. ते म्हणाले, "मग भांडण कशाचं आहे?"

मी स्पेलिंगचं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, मदत करतायत. गुणपत्रिका घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि नावाकडे ढुंकूनही न बघता थेट खाली गेले.

"गणित एकोणपन्नास." हे मोठ्याने. टायपिस्टची बोटं थांबली.

"काका, त्याला सहा वर्षं झाली."

"वाढलेत का मग?"

"इंजिनिअर झालोय मी."

"तेच विचारतोय. कसा झालास?" त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. "बीजगणित 40, भूमिती 40. अंतर्गतचे 20 शाळा देतेच. दिले होते ना?"

"दिले होते."

"म्हणजे पेपरात 80 पैकी 29."

सहा वर्षांत हे गणित मी कधी मांडलं नव्हतं. बहुधा म्हणूनच 29.

"भूमितीत गेले असणार," ते टायपिस्टला म्हणाले. टायपिस्टने मान डोलावली. मुद्दा मंजूर झाला.

आता या 'ए'चा उगम बघा. पहिलीच्या प्रवेश अर्जावर घाईत कुणीतरी जे लिहितं, ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढतं. तिथून दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर आणि फॉर्मवरून गुणपत्रिकेवर. मध्ये एकदा शाळा प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची कच्ची यादी, तपासायला देते, तीच चूक सुधारायची खरी वेळ. पण तेव्हा आपण 15 वर्षांचे असतो, स्वतःचं नाव बरोबर आहे ना बघतो, सही करतो आणि डबा खायला पळतो. वडिलांचं स्पेलिंग कोण बघतो! शाळा सुटल्यावर दुरुस्ती हवी तर मुख्याध्यापकांचं पत्र, रजिस्टरचा उतारा, मग विभागीय मंडळ. म्हणून शहाण्याने गुणपत्रिकेच्या नादी लागू नये, आधार तिच्याप्रमाणे करून घ्यावं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा केंद्रावर पावती हातात आली की अक्षर न् अक्षर तिथेच वाचा. आधी आधार, मग पॅन, मग बँक. उलट्या क्रमाने गेलात तर तिन्हीकडे वेगवेगळे वडील होतात.

आणि प्रतिज्ञापत्र इंग्रजीतच करा. दोन्ही स्पेलिंग कॅपिटलमध्ये, कुठलं कुठल्या कागदावर आहे त्यासकट. माझ्या दुसऱ्या मसुद्यात टायपिस्टने सवयीने दोन्हीकडे 'ए' घातला. तिसऱ्यात दोन्हीकडचा काढला. चौथ्याला जमलं. सही मात्र नोटरीसमोरच करायची. मी उत्साहात आधीच केली होती, ते पान फुकट गेलं. टायपिंग, नोटरी, तिकीट मिळून 350 रुपये गेले.

पैशांचं एक वेळ जाऊ द्या. 18व्या वर्षी मला सरकार निवडायला देतात आणि 22व्या वर्षी वडील निवडताना दोन साक्षीदार आणा म्हणतात. बरं, जन्मतारखेला बोर्डाचं प्रमाणपत्र पुरतं, त्यावर गुणांचा तपशील नसतो. मग नोकरीला गुणपत्रिका कशाला? डिग्री बघा की. मी वाकडं अक्षर काढायचो, परीक्षेत पोटात कळ यायची, भूमितीची प्रमेयं सिद्धतेसकट पाठ करायचो आणि आकृतीतली अक्षरं बदलली की बसायचो. हे सगळं विसरायला चार वर्षं आणि एक डिग्री लागली. ते एकोणपन्नास अजून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेऊन हिंडायचे, आणि उन्हात बसलेल्या कुणीही ते वाचायचे.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मी कधीच 'ए' लावत नाही. तुझ्या आईने भरला असेल फॉर्म." आई मागून म्हणाली, "मी तर मराठीत भरला होता."

शिक्का बसला. कागद फोल्डरमध्ये घालून स्कूटरला किल्ली लावली, तेवढ्यात मागून हाक आली.

"अरे, एकोणपन्नास! बेस्ट ऑफ फाइव्ह होतं ना तुम्हाला? गणितच वगळलं असेल, म्हणून टक्के बरे दिसतायत!"

वगळलं होतं.