‘सगळं तुमच्याच हातात आहे’ हे खरं नाही

"तब्येत, करिअर, नाती, सगळं तुमच्याच हातात. थकवा हा मनाचा खेळ. ज्या नात्यातून काही मिळत नाही, ते सोडून द्या." हा मजकूर गेल्या आठवड्यात चार जणांनी मला पाठवला. त्यांतल्या एकाची नोकरी गेली आहे आणि खाली त्याने लिहिलं होतं, ‘चूक माझीच’. ते वाचून गप्प बसवेना.

तब्येतीचं बघू. सिगारेट सोडणं आपल्या हातात आहे, मान्य. पण ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना तीच सरकारी आरोग्यसेवा. तरीही तळच्या श्रेणीतल्या पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं, तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की आपल्या कामावर आपलाच ताबा नसेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि तो ताबा पहाटे उठून व्यायाम केल्याने मिळत नाही, तो वरून ठरतो.

थकवा मनाचा खेळ? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मांडलेला अंदाज असा: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. माझी एक सहकारी अंगात ताप असताना मीटिंगला बसली होती. खोकला आला की म्यूट, बोलायची पाळी आली की अनम्यूट. रजा टाकली तर दिवसाचे पैसे कापले जाणार होते. तिने मनाला काय समजवायचं होतं?

नात्यांबद्दलचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. (छळणाऱ्या माणसापासून दूर जाणं वेगळं, ते जरूर करावं.) २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तीन लाखांहून जास्त माणसांचे. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. आजारपणात उशाशी बसणारं माणूस ‘काय मिळालं’ याचा हिशेब ठेवून येत नसतं.

आणि हिशेब एकदा शिरला की काय होतं, तेही पाहिलं गेलंय. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आधी बाई ताटकळत थांबल्यात याची लाज वाटायची. आता त्या थांबण्याचे पैसे भरले जात होते. पुढे दंड काढून टाकला. उशीर मात्र वाढलेलाच राहिला.