उत्तर नाही आलं तरी चालेल

"काही लागलं तर हक्काने सांग" हे वाक्य मला दिवसेंदिवस पटेनासं झालंय. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण सगळं ओझं समोरच्यावर टाकून आपण मोकळे होतो. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातंय, त्याने आधी आपल्याला काय हवंय ते ओळखायचं, मग कुणाला सांगावं ते ठरवायचं, मग फोन लावायचा. कोण करणार एवढं?

सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार न घेणाऱ्या ८४३ जणांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांतल्या साधारण निम्म्या लोकांना पाच वर्षांत २४ पत्रं जायची. दोन-तीन ओळींचीच: बरेच दिवस झाले, तुमचं ठीक चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा. सल्ला नाही, 'येऊन भेटा' नाही. पहिल्या दोन वर्षांत या गटातलं आत्महत्यांचं प्रमाण पत्रं न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. (पुढे पोस्टकार्ड, मेसेज वापरून असे आणखी प्रयोग झाले. सगळ्यांचे निकाल इतके चांगले नाहीत, हेही सांगायला हवं.)

माझ्या एका मैत्रिणीची आई गेली. सुरुवातीला तिचा फोन सतत वाजत होता. मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि तिचे खरे अवघड दिवस तेव्हा सुरू झाले. 'कशी आहेस' विचारलं की 'ठीक' यायचं, पुढे काही नाही. म्हणून मी विचारणंच बदललं. "आज बँकेत कागदपत्रं द्यायची होती ना? रिप्लाय नको, आठवण आली म्हणून." त्यावर नुसता अंगठा. कधी तोही नाही. बऱ्याच दिवसांनी एका रात्री तिचाच मेसेज आला, "आईचा नंबर डिलीट करायला घेतला. नाही जमलं." मग आम्ही खूप वेळ बोललो. म्हणजे ती बोलली. मी मध्येमध्ये हं हं करत होते, आणि तेवढंच हवं होतं. अशा वेळी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ग्रुपमध्ये सगळ्यांची विचारपूस करणारा एक जण असतोच. त्याला सहसा कुणी विचारत नाही. त्यालाही विचारा.

आणि कुणाच्या बोलण्यातून आता जगण्यात अर्थ नाही असा सूर येत असेल, तर आडवळणं नकोत. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला लगेच फोन करा. 'कुणाला सांगणार नाहीस ना?' असं वचन मागितलं, तर देऊ नका. रागावेल. रागावू दे.